माकूळ आणि वळकटी : कॅन्टोनीज बोलीतील अन्नवाचक लाक्षणिक प्रयोगांची प्रस्तावना

दक्षिण चीनमधील ग्वांगदोंग प्रांत, हाँगकाँग आणि मकाव या टापूत बोलल्या जाणाऱ्या कॅन्टोनीज भाषेत नोकरीवरून काढलेल्या माणसाविषयी 'त्याचा माकूळ परतला' असे म्हणतात, दुसऱ्याचा अपराध ज्याच्या माथी मारला गेला तो 'मेलेले मांजर खातो', स्त्रीच्या कमाईवर जगणारा पुरुष 'मऊ भात खातो' आणि मिळकत थांबल्यामुळे साठवणीवर दिवस काढणारा 'बियाणे खातो'. अशा प्रयोगांची संख्या इतकी मोठी आहे, आणि रोजच्या बोलण्यात ते इतक्या सहजपणे येतात, की कॅन्टोनीज माणूस मुळातच खवय्या असल्यामुळे त्याच्या भाषेतही स्वयंपाकघर शिरले, एवढे सांगून अनेक लेखक मोकळे होतात. हे स्पष्टीकरण खोटे नसले तरी तोकडे आहे, कारण वरच्या चारही उदाहरणांत चवीचा किंवा जेवणाच्या आनंदाचा मागमूस नाही. त्यांत नोकरी आहे, आळ आहे, परावलंबन आहे आणि उद्याची चिंता आहे. या शब्दसंपदेचे मूळ ताटातल्या पदार्थापेक्षा ते ताट मिळवण्याच्या धडपडीत अधिक आहे, आणि कष्टकऱ्यांच्या एका मुलखाची जी राहणी केव्हाच नाहीशी झाली, तिची आठवण या शब्दांनी जिभेवर जपून ठेवली आहे, ही या प्रस्तावनेची मुख्य धारणा आहे.

कॅन्टोनीज ही चिनी भाषासमूहातील 'युए' शाखेची सर्वांत प्रतिष्ठित बोली असून तिचे प्रमाण रूप ग्वांगझौ शहराचे, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांनी ज्याला कॅन्टन म्हटले त्या बंदराचे मानले जाते. बीजिंगच्या बोलीवर आधारलेल्या मँडरिनपेक्षा ती इतकी वेगळी आहे, की यांतली एकच भाषा जाणणाऱ्याला दुसरी कानाने उमगत नाही. अशा न जुळणाऱ्या संवादाला कॅन्टोनीजमध्ये 'कोंबडी बदकाशी बोलते' असा शब्दप्रयोग आहे, आणि मायकल हुई यांच्या १९८८ सालच्या गाजलेल्या हाँगकाँगी विनोदी चित्रपटाने तोच आपले शीर्षक म्हणून घेतला. या भाषेत सहा मुख्य सूर आहेत, म्हणजे एकच अक्षर आवाजाच्या सहा चढउतारांनी उच्चारले की सहा वेगळे शब्द होऊ शकतात, आणि अक्षरे बहुधा एकेकटीच अर्थ वाहत असल्यामुळे सारख्या किंवा जवळच्या उच्चाराचे शब्द पावलोपावली भेटतात. मराठी वाचकाला एक सोय मात्र उपजत लाभलेली आहे. 'प' आणि 'फ', 'क' आणि 'ख' यांच्यातील महाप्राणाचा भेद, तसेच 'चांगला' या शब्दातील दंत्य 'च', ही दोन्ही वैशिष्ट्ये कॅन्टोनीजमध्ये आहेत, त्यामुळे देवनागरीत लिहिलेले उच्चार सूर वगळता मूळ ध्वनीच्या बरेच जवळ जातात.

या भाषेत उपजीविका करण्याला 'वन सिक' म्हणतात. 'वन' म्हणजे शोधणे आणि 'सिक' म्हणजे खाणे, म्हणून शब्दशः अर्थ 'खाणे शोधणे' असा होतो. बँकेतला अधिकारी असो की हातगाडी ओढणारा हमाल, दोघेही खाणेच शोधत असतात. त्याच अर्थाने 'दोन जेवणे शोधणे' असेही म्हणतात, आणि 'पोटापाण्याचा उद्योग' किंवा 'दोन वेळची भ्रांत' हे शब्द ज्याच्या तोंडात आहेत त्या मराठी माणसाला याचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागू नये. नोकरी म्हणजे 'भाताचे वाडगे', म्हणून नोकरी जाणे म्हणजे वाडगे फुटणे. कायमस्वरूपी सरकारी नोकरी हे लोखंडी वाडगे, जे खाली पडले तरी फुटत नाही. ही प्रतिमा साऱ्या चीनमध्ये रूढ आहे. 'राजाच्या घरचा भात खाणे' म्हणजे तुरुंगात असणे, आणि ब्रिटिश अमलाखालच्या हाँगकाँगमध्ये हा राजा कोण हे कोणाला विचारावे लागत नसे. नुसता खाऊन बसणारा, कामाचा नसलेला माणूस 'तांदूळ अडवतो'. यांतला सर्वांत करुण प्रयोग 'सिक कुक चुंग', म्हणजे पेरणीसाठी राखलेले धान्य खाणे, हा आहे. ज्याने कधी शेत पाहिलेले नाही असा शहरी नोकरदारही बेकारीत बचत मोडू लागला की हेच शब्द वापरतो, पण ते प्रथम ज्याने उच्चारले असतील त्याला आजची भूक भागवताना पुढच्या वर्षीचे पीक आपण गिळतो आहोत, हे डोळ्यांसमोर दिसत असले पाहिजे.

माकळाचा प्रयोग जरा सविस्तर पाहण्याजोगा आहे. 'छाउ यौ यू' म्हणजे 'माकूळ परतणे'. माकळाच्या मांसावर आडव्यातिडव्या चिरा देऊन त्याचे तुकडे तापलेल्या कढईत टाकले, की ते क्षणार्धात आक्रसून कडांकडून आत वळतात आणि त्यांची सुरळी होते. ही सुरळी गुंडाळलेल्या वळकटीसारखी दिसते. वळकटीचा नोकरीशी संबंध काय, हे कळण्यासाठी जुन्या कॅन्टनमधील आणि हाँगकाँगमधील दुकानांची व्यवस्था ध्यानात घ्यावी लागते. गावाहून आलेला नोकर मालकाच्या दुकानातच राही, तेथेच जेवी आणि रात्री फळ्या बंद झाल्यावर तेथेच अंथरूण टाकी. ते अंथरूण मात्र त्याने घरून आणलेले, त्याच्या मालकीचे असे. म्हणून कामावरून काढले जाणे म्हणजे त्याच दिवशी वळकटी बांधून रस्त्यावर येणे होते, आणि पगाराबरोबर जेवण व डोक्यावरचे छप्परही जात असे. 'अंथरूण गुंडाळ' हे शब्द मालकाला उघडपणे सांगायला जड जात आणि नोकराला ऐकायला त्याहून जड जात, म्हणून त्यांच्या जागी माकूळ आला.

ही व्यवस्था काही थोड्या लोकांपुरती नव्हती. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा, १९४५ साली, हाँगकाँगची लोकसंख्या सुमारे ६ लाख उरली होती. चीनमधील यादवी युद्धातून आणि नंतरच्या राजकीय उलथापालथीतून सुटून आलेल्या निर्वासितांमुळे पुढच्या पाचसहा वर्षांतच ती २० लाखांवर गेली, आणि या माणसांपैकी कित्येकांना काम मिळाले ते राहण्याच्या जागेसकट मिळाले किंवा मिळालेच नाही. आज त्यांची नातवंडे उंच इमारतींतल्या कचेऱ्यांत काम करतात, संध्याकाळी आपापल्या घरी जातात आणि कचेरीत त्यांचे अंथरूण नसते, तरीही नोकरी गेली की माकूळच परतला जातो. तरुण पिढी तर माकूळही गाळते आणि केवळ 'परतणे' या क्रियापदाने काम भागवते. 'साहेबाने त्याला परतले' एवढे बोलले की पुरते. उलट, नोकराने आपण होऊन राजीनामा दिला तर 'त्याने मालकाला परतले' असेही म्हणता येते, आणि या उलटलेल्या प्रयोगात जुन्या नोकराला कधीच न मिळालेला एक अधिकार बोलून दाखवला जातो. हाँगकाँगचे चित्रपट आणि मालिका यांच्याबरोबर हा शब्दप्रयोग उत्तरेकडे गेला आणि मँडरिन बोलणाऱ्यांनीही तो आपलासा केला.

याच व्यवस्थेतला दुसरा प्रयोग 'मोउ छिंग कै', म्हणजे 'निष्ठुर कोंबडी', हा आहे. जुन्या वर्षाच्या अखेरीस किंवा चांद्र नववर्षाच्या आरंभी मालक आपल्या नोकरांना जेवण देई, आणि त्या पंगतीत ज्याच्या वाडग्यात मालक स्वतः कोंबडीचा तुकडा वाढी, त्याने दुसऱ्या दिवसापासून कामावर यायचे नाही, असा संकेत होता. वर्षातल्या सर्वांत चांगल्या जेवणाला बसलेले लोक मालकाच्या हाताकडे नजर लावून असत, आणि एरवी मानाचा मानला जाणारा घास कोणाच्या वाट्याला येतो याची धास्ती साऱ्या पंगतीला असे. एकही कठोर शब्द न उच्चारता माणसाची भाकरी काढून घेण्याची ही रीत सभ्य म्हणावी की निर्दय, याचा निवाडा बोलणाऱ्यांनीच कोंबडीला दिलेल्या विशेषणाने केलेला आहे. मराठीतील 'नारळ देणे' हा प्रयोग याच्या शेजारी ठेवला म्हणजे दोन्ही समाजांचे साम्य फार स्पष्ट दिसते. निरोपाच्या वेळी हातावर नारळ ठेवण्याच्या मंगल रीतीतून मराठीने नोकरी संपल्याचा अर्थ काढला, आणि नववर्षाच्या मेजवानीतून कॅन्टोनीजने तोच अर्थ काढला. दोन्हीकडे आदराची खूण हीच हकालपट्टीची खूण झाली.

व्याकरणाच्या दृष्टीने पाहता या शब्दसंपदेचा कणा 'सिक' हे क्रियापद आहे. मँडरिनने खाण्यासाठी दुसरे क्रियापद स्वीकारले, कॅन्टोनीजने मात्र प्राचीन चिनी ग्रंथांतले 'सिक' बोलीत जिवंत ठेवले. 'जेवलात का?' हा प्रश्न तिथे मराठीतल्यासारखाच ख्यालीखुशाली विचारण्याचा एक प्रकार आहे. मराठीही मार खाते, भाव खाते, कच खाते, बोलणी खाते आणि शेण खाते, परंतु तिच्या प्रयोगांत खाल्ली जाणारी वस्तू बहुधा अन्न नसते, तर सोसलेली किंवा मिळवलेली गोष्ट असते. कॅन्टोनीजमध्ये मात्र ती वस्तू बहुधा ताटात वाढता येण्यासारखी असते आणि अर्थ तिच्या आड दडलेला असतो. प्रेमाची मागणी फेटाळली गेली तर 'लिंबू खाल्ले'. श्रम वाया गेले तर 'पाक क्वो खाल्ले'. 'पाक क्वो' म्हणजे गिंको वृक्षाचे बी, जे पेजेत आणि गोड सारात घालतात, आणि यातील 'पाक' या शब्दाचा एक अर्थ 'पांढरा' तर दुसरा 'फुकट, व्यर्थ' असा असल्यामुळे पदार्थाच्या नावातच फजिती लिहिलेली असते. 'खारा मासा खाल्लास तर तहानही सोसली पाहिजे' हा प्रयोग आपल्या कृतीचे परिणाम आपणच भोगावे, असे सांगतो. ज्याचे खाल्ले त्याच्यावरच उलटणारा कृतघ्न माणूस 'वाडग्यात जेवतो आणि वाडग्याचा तळ उलटवतो'. मराठीत तोच खाल्ल्या घरचे वासे मोजतो.

ध्वनीच्या खेळाकडे लक्ष न देता या प्रयोगांचे भाषांतर करू पाहणाऱ्याची फसगत ठरलेली आहे, आणि खाटकाच्या दुकानात ती सर्वांत आधी होते. यकृताला चिनी भाषेत जो शब्द आहे त्याचा कॅन्टोनीज उच्चार 'कोन', आणि 'कोरडा' यालाही 'कोन'च म्हणतात. या मुलखाच्या बोलीत 'पाणी' म्हणजे पैसा. पैसे परत करणे म्हणजे पाणी परत करणे आणि चहूकडून पैसा येऊ लागला तर 'डुकराच्या पिंजऱ्यात पाणी शिरले', कारण बांबूच्या विणीच्या त्या पिंजऱ्याला सगळीकडून फटी असतात. मग कोरडे म्हणजे निर्धन, आणि यकृत विकत घेणे म्हणजे पैसे देऊन दारिद्र्य घरी आणणे. म्हणून कॅन्टोनीजने यकृताचे नाव बदलून 'ओलावा' या अर्थाचे ठेवले. जिभेचे मूळ नाव 'सित', आणि 'तोटा' यालाही 'सित'च म्हणतात, म्हणून जीभ झाली 'लेइ', जे 'नफा' या शब्दाच्या उच्चाराशी जुळते. कडू कारल्याला 'थंड फळ' म्हणतात, रक्ताला नुसते 'लाल' म्हणतात. अशुभ शब्द टाळण्याची ही वृत्ती मराठी घरात परकी नाही. तेथे दुकान बंद करीत नाहीत तर वाढवतात, नारळ फोडीत नाहीत तर वाढवतात, आणि निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतात. फरक असा, की मराठीला शब्दाचा अर्थ खुपतो आणि कॅन्टोनीजला बहुधा त्याचा आवाज खुपतो. यामुळेच मराठी माणसाला ज्या शब्दात काहीच वावगे दिसत नाही तिथे कॅन्टोनीज कान बिचकतो.

जिथे अर्थ खुपतो तिथेही कॅन्टोनीज अन्नाचाच आडोसा घेते. 'काही कोहळा-टोफू झाले तर' असे कोणी म्हणाले की त्याला 'काही बरेवाईट झाले तर' असे सुचवायचे असते. कोहळा आणि टोफू हे साधे, फिके पदार्थ अंत्यविधीनंतरच्या जेवणात वाढले जात, आणि मृत्यूचे नाव न घेता त्या पंगतीतल्या भाज्यांची नावे घेतली की पुरे होई. खारा मासा म्हणजे प्रेत, आणि ज्याची आशा सर्वांनी सोडली होती असा माणूस पुन्हा उभा राहिला तर 'खारा मासा जिवंत झाला' असे म्हणतात.

व्युत्पत्तीच्या कथांविषयी मात्र सावधगिरी हवी, कारण चांगली कथा आणि खरी कथा यांची येथे वारंवार सरमिसळ होते. पिठाच्या लांबट तळलेल्या काड्यांना कॅन्टोनीजमध्ये 'तेलात तळलेले भूत' म्हणतात आणि हे भूत म्हणजे सेनापती य्वे फेइ यांना ११४२ साली देहदंड घडवून आणणारा मंत्री छिन ह्वेइ होय, संतप्त प्रजेने त्याच्या व पत्नीच्या आकृती पिठाच्या करून तळल्या, असे सांगितले जाते. या कथेला लोकांच्या न्यायबुद्धीचा पुरावा म्हणून मोल आहे. शब्दाच्या जन्माचा पुरावा म्हणून तिच्यावर भार टाकता येणार नाही. याउलट 'ताइ थौ हा', म्हणजे 'मोठ्या डोक्याची कोळंबी', या शब्दाचे वय चांगले सांगता येते. आज हा शब्द विसरभोळ्या, धांदरट माणसासाठी वापरतात. परंतु चेन बायशा या नावाने प्रसिद्ध असलेल्या मिंगकालीन तत्त्वचिंतकाने (१४२८–१५००) या कोळंबीवर एक छोटा निबंध लिहिला असून त्यात, काटकसर न करता दारिद्र्य ओढवून घेणाऱ्याला गावकरी या नावाने हिणवतात, असे म्हटले आहे. डोके मोठे, मिशा आणि पाय पसरलेले, आत मांस मात्र थोडे, अशी ती तुलना आहे. म्हणजे पाच शतकांत शब्द तोच राहिला आणि दोष उधळेपणाकडून विसराळूपणाकडे सरकला. चेन बायशा हे शिनह्वेइ परगण्याचे. त्या परगण्यासह चार शेजारी परगण्यांना मिळून 'सी यप' म्हणतात, आणि तेथून बाहेर पडलेल्या दर्यावर्दी लोकांपैकी काही मुंबईत स्थायिक झाले. माझगाव येथे १९१९ साली उभारलेले 'सी यप कून' हे देवालय त्यांचेच. मोठ्या डोक्याच्या कोळंबीचा मुलूख आणि मुंबईची गोदी यांना जोडणारा हा धागा बारीक असला तरी खरा आहे.

काही प्रयोगांवर तर सालच कोरलेले आहे. १९६७ साली कृत्रिम फुलांच्या एका कारखान्यातील कामगारांच्या तंट्यातून हाँगकाँगभर दंगली उसळल्या, रस्त्यारस्त्यांवर गावठी बाँब ठेवले गेले, आणि त्या बाँबना लोकांनी 'पो लो', म्हणजे अननस, हे नाव दिले. पुढे शेअरबाजाराला भरते आले तेव्हा 'शार्कच्या पराचे सार भातात कालवून खाणे' असा वाक्प्रचार निघाला. समारंभातही जपून वाढला जाणारा हा महागडा पदार्थ रोजच्या भातावर ओतण्याइतका पैसा सामान्य माणसाच्या हाती खेळू लागला होता. ९ मार्च १९७३ रोजी हाँगकाँगचा हांग सेंग निर्देशांक १७७४.९६ वर पोहोचला आणि डिसेंबर १९७४ मध्ये १५०.११ पर्यंत कोसळला. सार आणि भात गेला, वाक्प्रचार राहिला, आणि आज तो बोलताना त्यात पुढच्या घसरणीची जाणीव आपोआप मिसळलेली असते.

या भांडारात क्रौर्यही आहे आणि ते झाकून ठेवणे अभ्यासकाला शोभणारे नाही. 'कोंबडी' म्हणजे वेश्या, रूपाने सामान्य ठरवलेली स्त्री म्हणजे 'डुकराच्या मांसाचा काप'. स्त्रीला खाण्याच्या वस्तूच्या पातळीवर आणणारे हे शब्द गमतीदार म्हणून संग्रहात मिरवले जातात, तेव्हा ते ज्यांना उद्देशून वापरले गेले त्यांचा विचार सहसा होत नाही. गर्दीत स्त्रीच्या अंगाला हात लावणाऱ्याच्या हाताला 'डुकराचा खारवलेला पाय' म्हणतात, आणि येथे निदान शब्दाची धार योग्य दिशेला वळलेली आहे. 'खारट' हा शब्द या भाषेत कामुकतेचा वाचक असल्यामुळे हे नाव बसले. घरातली बोलणीही काही कमी तिखट नसतात. नालायक मुलाला आई म्हणते, 'तुला जन्म देण्यापेक्षा छा सिउचा तुकडा जन्माला घातला असता तर बरे झाले असते'. छा सिउ म्हणजे मधाचा हात दिलेले, भाजलेले डुकराचे मांस, आणि ते निदान खाता तरी आले असते. मराठी आई याच प्रसंगी दगडाचे नाव घेते, कारण तो निदान धुणे धुवायला उपयोगी पडला असता.

आजच्या हाँगकाँगमध्ये हे शब्द सर्वांत मोठ्याने ऐकू येण्याची जागा म्हणजे 'छा छान थेंग', स्वस्त चहा-जेवणाची खाणावळ. मराठीतील 'चहा' याच 'छा'च्या कुळातला आहे. तेथील वाढपी मुदपाकखान्याकडे ओरडून मागणी सांगतो तेव्हा साधा पांढरा भात 'देखणा मुलगा' होतो, साधी पेज 'देखणी मुलगी' होते, घरी न्यायचे जेवण 'रस्त्यावर फिरायला' निघते आणि बिनसाखरेची, बिनदुधाची कॉफी 'उडती वाळू, पळते दूध' होते. ही सांकेतिक भाषा घाईतून जन्मली, आणि आता मागणी यंत्रावर नोंदवली जाऊ लागल्याने तिचा उपयोग आक्रसत चालला आहे. त्याच वेळी 'पोउ', म्हणजे मडक्यात मंद आचेवर बराच वेळ शिजवणे, हे क्रियापद मात्र नवी नवी कर्मे मिळवते आहे. तांदळाची पेज दाणा विरघळेपर्यंत शिजवावी लागते, म्हणून न संपणाऱ्या फोनवरच्या गप्पांना 'टेलिफोनची पेज शिजवणे' म्हटले गेले. तारेचा टेलिफोन घरांतून जवळपास गेला तरी पेज शिजतच राहिली, आणि आता एकामागून एक भाग पाहत रात्र घालवणारी तरुण मुले 'मालिका शिजवतात', मग घरातल्या ओट्यावर पेजेचे मडके असो वा नसो.